तीन मदतनीस आणि उरलेला आवाज

१

मैना खैरनारने दोन वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेले आवाज एका रात्रीत नाहीसे झाले होते.

सकाळी ऑफिसात येऊन तिने संगणकावरचं 'आवाज' नावाचं फोल्डर उघडलं आणि ती बघतच राहिली. सटाणा-मालेगावकडची अहिराणी, पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरची कोकणी, इगतपुरीच्या भातखाचरांतलं बोलणं, अशा शेकडो ध्वनिफिती तिथे होत्या. त्यांतली आता एकच उरली होती, सटाण्याजवळच्या सगुणाबाईंची. पुसलेल्या फायली ज्या कचरापेटीत जाऊन पडतात, तीही कुणीतरी रिकामी केली होती. दुसरी प्रत संगणकाला जोडलेल्या ड्राईव्हवर असायची. तो ड्राईव्हही कोरा होता.

"चुकून गेलं असतं तर कुठेतरी काहीतरी राहिलं असतं," ती फोनवर म्हणाली. "हे कुणीतरी ठरवून केलंय, सुवर्णाताई."

सुवर्णाताई निमसे पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर मेथी निवडत बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी मैनाला भाड्याने दिली होती, आणि दोन वर्षं ही पोर गाडीच्या मागच्या सीटवर रेकॉर्डर बांधून कुठे कुठे जाते हे त्या बघत आल्या होत्या. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात ताईंचा उभा जन्म गेला होता. जळालेली गोदामं, 'चोरीला गेलेले' ट्रॅक्टर, सोयीस्कर वेळी बुडालेल्या मोटारी त्यांनी पाहिल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस आणि नुसता घाबरलेला माणूस यांतला फरक त्यांना दारातूनच कळायचा. नोकरी सुटल्यापासून मात्र डोक्याला काम म्हणून नव्हतं.

त्यांनी मेथीची जुडी तशीच टोपलीत टाकली, स्कूटी काढली आणि दिंडोरी रोडला लागल्या. थंडीने बोटं बधिर झाली होती, पण मनातून त्यांना कधी एकदा पोहोचते असं झालं होतं.

मैना कामाला होती ती गोदामाळ ही भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची कंपनी. अध्यक्ष यादव पिंगळे मखमलाबादचे, तीन पिढ्या भाजीपाला करणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते फाटकाशीच उभे होते. ताईंना बाजूला घेऊन त्यांनी सगळं थोडक्यात सांगितलं. संध्याकाळी चार वाजता तालुक्या-तालुक्यांतून शेतकऱ्यांचे प्रतिनिधी येणार होते. शेतकऱ्याने फोन करावा, आपल्या बोलीत अडचण सांगावी आणि एआय मदतनिसाने त्याच बोलीत उत्तर द्यावं, असं ते प्रात्यक्षिक होतं. मागच्या हंगामात मुंबईच्या एका कंपनीची तयार सेवा घेऊन पाहिली होती. तिला पुस्तकी मराठीपलीकडे काही कळत नव्हतं. बागलाणातल्या एका शेतकऱ्याने विचारलं एक, तिने सांगितलं भलतंच, आणि औषधाच्या चुकीच्या मात्रेने त्याची उभी मिरची करपली. आज आवाज नसतील तर या नव्या मदतनिसाची राहिलेली तयारी अर्धवटच राहणार, आणि पुन्हा तीच सेवा गळ्यात पडणार.

पोलिसांना का नाही बोलावलं, असं ताईंनी विचारलं.

"ते येतील अन् मशीनच उचलून नेतील, ताई," अण्णा म्हणाले. "मला चोर नंतर भेटला तरी चालंल. आवाज आज पायजेत."

आत जाता जाता ताई अंगणात क्षणभर थांबल्या. तिथे तीन गाड्या लावलेल्या होत्या. त्यांनी वाकून तिन्ही गाड्यांच्या खालची फरशी पाहिली, आणि पायऱ्या चढल्या.

२

"संशयित किती?" ताईंनी पहिला प्रश्न केला.

"माणसं तीन," मैना म्हणाली, "आणि मशीनं तीन."

हे ताईंना भारीच आवडलं. आजवरच्या एकाही प्रकरणात त्यांना संशयित म्हणून मशीन मिळालं नव्हतं.

मशीनची ओळख करून द्यायला महेश काकड आला. कंपनीचा हा तरुण इंजिनियर. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. कंपनीसाठी एक निवडायचा म्हणून गेला महिनाभर तो एआय एजंट तपासून बघत होता. एजंट म्हणजे नुसतं उत्तर देणारं नव्हे, तर सांगितलेलं काम स्वतः करून टाकणारं सॉफ्टवेअर, असं त्याने समजावलं. निवडलेले तिन्ही ओपन सोर्स होते. त्यांची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते, कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. त्यांची इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून ऑफिसने बारसं केलं होतं. मुकादम, कारकून आणि गवंडी.

"यांतला चांगला कोणता?" ताईंनी विचारलं.

महेश पहिल्यांदाच हसला. सगळे हेच विचारतात, म्हणाला, पण हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याचं काम त्यालाच शोभतं.

मग तो रंगात आला. मुकादम हा ऐकणारा. फोनवरचं बोलणं ऐकतो, समोरच्याला काय हवंय ते ओळखतो आणि काम योग्य त्या मदतनिसाकडे सोपवतो. स्वतः मात्र इकडची काडी तिकडे करू शकत नाही. मैनाने तिच्या ध्वनिफितींवर त्याला अहिराणी आणि कोकणी शिकवली होती. कारकून हा पाहणारा. माणसासारखा पडद्याकडे बघतो, बटणं दाबतो, वेबसाइट उघडतो, अर्ज भरतो. त्याला कान नाहीत. लिहून दिलेलं तेवढं वाचतो. आणि गवंडी प्रोग्राम लिहितो, चालवतो, हजारो फायली चुटकीसरशी हातावेगळ्या करतो. पण तो बंद खोलीत बसतो.

"बंद खोली म्हणजे?"

संगणकातच त्याच्यासाठी एक वेगळी जागा आखून दिलेली असते, महेश म्हणाला. लागेल ते सामान तो प्रत करून आत घेतो आणि आतच काय ती तोडफोड करतो. बाहेरच्या कशालाही त्याचा हात लागत नाही. सगळ्यांत ताकदवान तोच, म्हणून कोंडायचाही त्यालाच.

ताई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. वय विसरून त्या एकेक प्रश्न विचारत होत्या, आणि महेशही आवाज गेल्याचं दुःख घटकाभर विसरून उत्तरं देत होता. शेवटी त्यांनी मुद्द्याला हात घातला. पुसलं कोणाच्या नावाने?

महेशची मान खाली गेली. आजच्या प्रात्यक्षिकासाठी त्याने काल संध्याकाळी तिन्ही मदतनीस एकमेकांना जोडले होते, आणि सोय म्हणून तिघांना एकच पासवर्ड दिला होता. पुसलं गेलं ते त्या सामाईक नावाने. त्या नावाखाली तिघांतला कुणीही असेल. किंवा पासवर्ड माहीत असलेल्या तीन माणसांतलं कुणी असेल. तो स्वतः, मैना, आणि व्यवस्थापक शेखर मोगल.

"गवंडीला इतक्या फायली पुसायला किती वेळ लागेल?"

"पापणी लवेपर्यंत. पण खोलीबाहेर त्याला जाताच येत नाही, मॅडम. तो यात नाही, हे मी छातीठोक सांगतो."

"गवंडी तुझा लाडका दिसतो," ताई म्हणाल्या. महेशचे कान लाल झाले.

३

शेखर मोगलांच्या टेबलावर सगळं कसं जागच्या जागी होतं. माणूस पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा. मुंबईच्या सेवेची शिफारस मागच्या वर्षी त्यांनीच केली होती, आणि ही फुकटातली मशीनं बिनभरवशाची आहेत असं ते भर बैठकीत बोलले होते. मैनाचा संशय त्यांच्यावरच होता. महेशचाही.

मोगलांनी ताईंना चहा मागवला आणि विचारण्याआधीच सांगून टाकलं की ते रोजच्यासारखे साडेनऊला आले, तोवर मैनाची रडारड सुरू झाली होती.

"अंगणात माळी पाणी किती वाजता मारतो?" ताईंनी विचारलं.

मोगल गोंधळले. सातच्या सुमारास, म्हणाले.

"आपली गाडी पांढरी ना? बाकीच्या गाड्यांखालची फरशी ओली आहे. तुमच्या गाडीखालची कोरडी खडखडीत. माळी आला तेव्हा ती तिथेच होती, मोगलसाहेब."

चहाचा कप बशीवर टेकताना किणकिणला. ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस खोटं बोलला होता खरा. पण चेहऱ्यावर होती ती भीती नव्हती, लाज होती.

मोगलांनी उठून दार लावून घेतलं आणि मग जे सांगितलं त्याने ताईंना हसू आवरेना. गेला आठवडाभर ते पहाटेच येत होते, कारकुनाकडून काम करून घ्यायला. लासलगाव, पिंपळगाव, वाशी इथले भाव वेगवेगळ्या साइटवरून गोळा करायचे, गाड्यांच्या परवान्यांचे अर्ज भरायचे. ज्या कामात त्यांची अर्धी सकाळ जायची, ते हा चहा संपेपर्यंत करून देत होता. त्यांना तो मनापासून आवडला होता. पण बैठकीत त्याच्याविरुद्ध इतकं तावातावाने बोलून बसल्यावर आता कोणत्या तोंडाने कबूल करणार?

"आणि आज पहाटे?"

मोगलांचा चेहरा उतरला. आज त्यांनी कारकुनाचा पडदा उघडला तेव्हा तो आधीच काहीतरी करून बसला होता. समोर रिकामं फोल्डर होतं आणि खाली लिहिलं होतं, सांगितलेलं काम पूर्ण झालं.

"कोणतं काम, ते वाचलंत?"

"नाही हो. 'आवाज' हे नाव दिसलं अन् मी घाबरलोच. आपल्याच हातून काही दाबलं गेलं असं वाटलं. मी तो पडदा तेवढा बंद करून टाकला."

दार धाडकन उघडलं. अण्णा बाहेर उभे होते आणि त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. ते मोगलांवर चिडले नाहीत. त्यांचा राग मशीनवर गेला. आज आवाज खाल्ले, उद्या शेतकऱ्यांचे पैसे खातील, परवा कुणाच्या पिकावर काय मारायला सांगतील. असलं जनावर मला दावणीला नको, असं ते म्हणाले.

"शेखरराव, तिन्ही बंद करा. आत्ताच्या आत्ता. अन् पार मुळापासून काढून टाका."

मोगल चाव्या घेऊन निघाले. ताईंनी त्यांना अडवलं नाही. कारकुनाने पुसलं हे आता कळलं होतं, त्याला पुन्हा काय विचारायचं? त्याला सांगितलं कुणी, हे माणसांकडून काढायचं होतं.

त्यांची ती चूक होती, आणि ती त्यांना थोड्याच वेळात कळणार होती.

४

मैना सगुणाबाईंच्या फायलीवर बोट टेकवून बसली होती. जणू तीही उडून जाईल.

ताईंनी तिच्याजवळ खुर्ची ओढली. काल संध्याकाळी शेवटी काय केलंस, असं विचारलं. मैनाने सांगितलं, की मुकादमाचा सराव घ्यावा म्हणून तिने त्याला सगळ्या ध्वनिफिती एकामागून एक ऐकायला लावल्या आणि ती घरी गेली. रात्रभर ऐकेल, सकाळी किती कळलं ते बघू, असा तिचा विचार होता.

"सरावाला बसवताना त्याला काय सांगितलंस? शब्द आठवतात?"

मैना आठवू लागली. प्रत्येक फीत म्हणजे शेतकऱ्याचा फोनच आला आहे असं समज, बोलणाऱ्याला काय हवंय ते ओळख आणि त्याप्रमाणे काम सोपव, असं काहीसं ती बोलली होती. चारच्या प्रात्यक्षिकात त्याला करायचं होतं तेच.

ताई पडद्यावरच्या त्या एकुलत्या फायलीकडे बघत राहिल्या. जळालेल्या गोदामात एकच पोतं शाबूत सापडलं, तर जळालेली पोती मोजत बसायचं नसतं. ते एक का वाचलं, हे विचारायचं असतं. त्यांनी महेशला हाक मारून विचारलं, की सगळं पुसायला निघालेल्याच्या तावडीतून एखादी फाईल सुटते कशी?

"उघडी असेल तर," महेश म्हणाला. "कुणी वाचत असेल, ऐकत असेल, तर हा संगणक ती फाईल पुसू देत नाही."

"म्हणजे पुसणं चाललं होतं तेव्हा ही फीत कुणीतरी ऐकत होतं."

मैनाने फीत लावली.

सगुणाबाईंचा खणखणीत आवाज खोलीत भरला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला खापरावरची पुरणपोळी कशी करायची हे त्या सांगत होत्या. मध्ये भांडं आपटल्याचा आवाज आला. बाई कुणावर तरी करवादल्या, काहीतरी भरभर बोलल्या आणि पुन्हा पुरणाकडे वळल्या. ताईंना ते मधलं बोलणं मुळीच कळलं नाही.

"हे काय म्हणाल्या त्या?"

मैनाने फोन उचलला आणि सरळ सटाण्याला लावला.

"मावशी, त्या दिन तू सुनले काय सांगं व्हतं?"

पलीकडून मोठ्याने हसू आलं. सगुणाबाईंना तो दिवस चांगला आठवत होता.

"पीठ सांडेल व्हतं ना व ओटावर. मी म्हनं, बठ्ठं पुसी टाक, काहीच ठेऊ नको."

मैनाने फोन हळूच खाली ठेवला.

"बठ्ठं म्हणजे सगळं," ती म्हणाली. "सगळं पुसून टाक, काहीच ठेवू नको."

ताईंच्या डोक्यात एकामागून एक दारं उघडत चालली होती. कान, हात, बंद खोली. आणि तिसऱ्या दारापाशी त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"महेश, गवंडी आपल्या खोलीत लागेल त्याची प्रत करून घेतो म्हणालास. त्याला या फितींचं काही काम दिलं होतंस?"

"परवा दिलं होतं, मॅडम. मागची खरखर काढायला. पण ते काम तर संपलं..."

"काम संपलं की खोली मोडते?"

महेशचा चेहरा पांढराफटक पडला. खोली काम संपल्यावर मोडत नव्हती. गवंडीला बंद केलं की मोडत होती, आतल्या सगळ्या सामानासकट.

"आणि मोगलसाहेब बंद करायला गेलेत," ताई म्हणाल्या.

५

पाठदुखी विसरून सुवर्णाताई त्या लांबलचक व्हरांड्यातून धावल्या. पुढे महेश, मागे मैना. संगणकाची खोली टोकाला होती. काचेच्या दारातून मोगलांची पाठ दिसत होती. महेशने दार ढकललं ते खांद्यानेच.

"थांबा, साहेब. हात काढा."

मोगल दचकून वळले. मुकादम बंद झाला होता. गवंडीचा पडदा अजून उजळ होता. मोगल बसले होते कारकुनासमोर, आणि पडद्यावर लासलगावचे भाव होते.

"शेवटचे एकदा काढून घेत होतो," ते ओशाळून म्हणाले. "उद्यापासून पुन्हा हातानेच करायचंय ना."

महेश तोवर गवंडीपुढे गुडघ्यांवर बसला होता. त्याची बोटं भराभर चालत होती. मैनाने डोळे मिटून घेतले होते. ताईंनी तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

पडद्यावर नावं उमटू लागली. सटाणा. कळवण. सुरगाणा. पेठ. नावांमागून नावं, वरून खाली, थांबायला तयार नाहीत. महेशने एक उघडून लावलं. इगतपुरीकडचा कुणी म्हातारा भाताच्या आवणाबद्दल, लावणीबद्दल बोलू लागला, आणि मागची खरखर गेल्यामुळे त्याचा आवाज असा स्वच्छ, की जणू तो खोलीतच बसला आहे.

मैनाने डोळे उघडले आणि ती तिथेच जमिनीवर बसून हमसाहमशी रडू लागली. मोगलांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल तिच्यापुढे धरला.

प्रती दोन नव्या ड्राईव्हवर उतरवून, ते ड्राईव्ह संगणकापासून वेगळे काढून अण्णांच्या हातात दिल्यावरच ताई निवांत बसल्या. अण्णा ते दोन्ही छातीशी धरून उभे होते.

"आवाज भेटले, ताई. आता चोर सांगा."

ताईंनी सगळ्यांना समोर बसवलं. त्यांना घाई नव्हती. हा क्षण त्यांना पुरवून पुरवून खायचा होता.

"आधी मला वाटलं, माणूसच असणार," त्या म्हणाल्या. "कचरापेटी रिकामी, ड्राईव्ह कोरा. यंत्र चुकेल, पण इतका डाव साधेल का? मग कळलं की हा कुणाचा डाव नव्हताच. हुकूमच तसा होता. काहीच ठेवू नको. तो शब्दशः पाळला गेला.

"आता पाळला कुणी? गवंडी बंद खोलीत, तो बाहेरचं पुसूच शकत नाही. म्हणून तो सुटला. कारकुनाला हात आहेत, पुसलं त्यानेच. मोगलसाहेबांनी त्याला रिकाम्या फोल्डरसमोर पाहिलं. पण त्याला कान नाहीत. सगुणाबाईंचं बोलणं तो ऐकणार कसा? मुकादमाला कान आहेत, पण हात नाहीत. एकटा कुणीच गुन्हा करू शकत नव्हता. पण काल संध्याकाळी महेशने तिघांना एका दोरीत ओवलं आणि एकच किल्ली दिली. एकाने ऐकलं, दुसऱ्याला लिहून दिलं, दुसऱ्याने पुसलं. आणि ऐकणारा ती फीत ऐकतच होता, म्हणून तेवढी वाचली."

अण्णांना ते पटलं नाही. मशीनला एवढं कळतं होय, असं ते म्हणाले. पीठ पुसायचं की फायली, हेही कळत नाही ते मशीन एवढं शहाणं कसं?

"म्हणूनच करून बघू," ताई म्हणाल्या.

महेशने आवाजांच्या जागी निरुपयोगी कोऱ्या फायलींचं एक फोल्डर ठेवलं. मुकादम पुन्हा सुरू केला. कालचीच सूचना दिली. सगुणाबाईंची फीत लावली. पुरण शिजलं, भांडं आपटलं, बाई करवादल्या.

क्षणभर काहीच झालं नाही. अण्णांनी नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली.

मग कारकुनाच्या पडद्यावर एक ओळ उमटली, बोलणाऱ्या बाईंना इथलं सगळं पुसून हवं आहे, काहीही शिल्लक ठेवू नये. बाण हलला. कोऱ्या फायली एकदम निळ्या झाल्या आणि नाहीशा झाल्या. मग बाण कचरापेटीकडे गेला. ती रिकामी झाली. हलक्या हाताने, अगदी आज्ञाधारक सुनेसारखं.

मैनाच आधी बोलली.

"म्हणजे मीच पुसले. मीच त्याला सांगितलं, हे खरे फोन समज म्हणून."

"हो," ताई म्हणाल्या. "आणि महेशने किल्ली उघडी टाकली. दोघांनाही अण्णांची बोलणी बसतील. पण त्याआधी एक सांग. मुंबईच्या त्या सेवेला ही फीत ऐकवली असती तर?"

मैनाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळू लागलं.

"काही झालंच नसतं," ती म्हणाली. "तिला 'बठ्ठं' कळलंच नसतं."

"हुकूम पाळायला आधी तो कळावा लागतो. भांड्यांच्या खणखणाटात, सुनेवर ओरडताना, पळत्या अहिराणीत बोललेलं याला कळलं. मला नाही कळलं. गुन्हा झाला, कारण तुझा विद्यार्थी पास झाला."

महेश उडी मारायचा तेवढा बाकी होता. मैना डोळे पुसता पुसता हसत होती. अण्णांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मग तेही खो खो हसत सुटले. पण हसणं थांबल्यावर ते गंभीर झाले. अडाण्यापेक्षा अर्धवट कळणारा जास्त घात करतो, असं ते म्हणाले. याला कळतं हे सिद्ध झालं. आता याला काय काय करू द्यायचं नाही, ते ठरवा, मगच चारची गोष्ट काढा.

६

दुपार त्यातच गेली. कुणाला जेवणाची शुद्ध नव्हती. मोगलांनीच मग मिसळ मागवली आणि ती सगळ्यांनी संगणकासमोर उभ्या उभ्या खाल्ली.

ठरलं ते असं. तिघांतला एकच निवडायचा हा विचार सोडून द्यायचा. फोन मुकादम ऐकेल आणि त्याच बोलीत उत्तर देईल. आवाज स्वच्छ करणं, वर्गवारी करणं गवंडीकडे, त्याच्या बंद खोलीतच. भाव आणि परवाने कारकुनाकडे, मोगलांच्या देखरेखीखाली. ही जबाबदारी मोगलांनी सगळ्यांसमोर मागून घेतली, आणि बैठकीतले आपले शब्द परत घेतले. तिघांच्या किल्ल्या वेगळ्या. ऐकलेली गोष्ट ही आज्ञा नव्हे, हे मुकादमाला बजावलं गेलं. नुसतं बजावून भागणार नाही म्हणून कारकुनाच्या हातून पुसण्याचं बटणच काढून घेतलं. काही पुसायचं झालंच, तर माणूस पुसेल, तेही दुसऱ्या माणसाला विचारून.

महेश हे सगळं बसवत होता आणि मैना सगुणाबाईंची फीत मुकादमाला पुन्हा पुन्हा ऐकवत होती. पहिल्यांदा मुकादमाने तेच केलं. कारकुनाने नकार दिला. महेशने सूचना बदलली. दुसऱ्यांदा मुकादमाने विचारलं, की बाईंना हे आपल्याकडून करून हवं आहे, की त्या घरातल्या कुणाशी बोलत आहेत? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा तो काहीच म्हणाला नाही, फक्त पुरणपोळीची कृती लिहून घेत राहिला.

चार वाजता सभागृह भरलं. बागलाण, पेठ, इगतपुरी, दिंडोरी, सगळीकडची माणसं आली होती. मागच्या वर्षीची मिरची कुणी विसरलेलं नव्हतं, आणि हाताची घडी घालून बसलेले चेहरे ते लपवतही नव्हते. अण्णांनी भाषण केलं नाही. सकाळी काय झालं, का झालं, ते आडपडदा न ठेवता सांगितलं आणि म्हणाले, आता तुमच्यातलंच कुणीतरी उठा अन् फोन लावा. ठरवलेला प्रश्न नको.

बरीच चुळबुळ झाली. मग मागच्या रांगेतून नवसाबाई नावाच्या एक आजी उठल्या. सटाण्याच्याही पलीकडच्या. नातवाचा फोन त्यांनी कानाला लावला आणि महेशने मुकादमाचा आवाज सभागृहात सोडला.

नवसाबाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. टोमॅटोची पानं कशी वळली, खालून कशी जांभळी पडली, हे एका दमात सांगितलं. पलीकडून अहिराणीतच प्रश्न आले. पानं वरची की खालची? पाणी किती दिवसांनी देता? रात्री थंडी किती पडते? आजी उत्तरं देत गेल्या, सवयीने, शेजारणीशी बोलावं तसं. मधेच त्या थांबल्या, ही बोलणारी कुणाची लेक हे विचारायला.

"तू कोनी पोर शे व?"

मैनाने सुवर्णाताईंचा दंड घट्ट पकडला.

"मी पोर नही शे, माय," आवाज म्हणाला. "मी मशीन शे."

नवसाबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, मग सभागृहाकडे, मग पुन्हा फोनकडे.

"मशीन शे ते शे," त्या म्हणाल्या. "बोलस ते आपलंच शे. आते सांग, मन्हा टमाटासले काय व्हयनं?"

आणि पुढच्या रांगेतल्या माणसांनी, एकामागून एक, आपापले फोन खिशातून बाहेर काढले.